लॅपटॉपचं चित्र डबा टीव्हीवर: एका ठिपक्याची करामत

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की चौदाव्या किलोमीटरपाशी चितेगाव येतं. व्हिडिओकॉनचा नोंदणीकृत पत्ता इथलाच. नंदलाल माधवलाल धूत यांच्या या कंपनीनं ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या तोशिबाशी तांत्रिक सहकार्य करून रंगीत टीव्ही बाजारात आणले आणि देशभरच्या बैठकीच्या खोल्यांत मराठवाड्यातल्या एका कंपनीचं नाव झळकू लागलं. २००५ मध्ये तर या कंपनीनं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसायच विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने त्यासोबत आले. पण नेमक्या त्याच सुमारास जग जाड काचेच्या ट्यूबकडे पाठ फिरवून सपाट पडद्यांकडे वळत होतं. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेत गेली.

टीव्ही मात्र कंपनीपेक्षा चिवट निघाले. माळ्यावर, आजोबांच्या खोलीत, शेतातल्या घरात असे डबा टीव्ही आजही सापडतात. व्हिडिओकॉन असेल, ओनिडा असेल, बीपीएल असेल. पुसून, वायर लावून बटण दाबलं की बरेचदा बिचारे मुकाट्यानं उजळतात. मग घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, “लॅपटॉपवरचा सिनेमा यावर लागेल का हो?”

लागतो. त्यासाठी काही शे रुपयांची एक चिमुकली डबी लागते आणि जोडणी दहा मिनिटांत होते. पण त्या दहा मिनिटांत काय घडतं हे एकदा समजलं की डबीकडे बघण्याची नजरच बदलते. वरवर पाहता लॅपटॉप आणि डबा टीव्ही यांच्यात वीस-तीस वर्षांचं अंतर आहे. खरं अंतर त्याहून मोठं आहे. चित्र म्हणजे काय, या प्रश्नावरच या दोन यंत्रांचं एकमत नाही.

पडद्यावर चित्र नसतंच

आधी टीव्हीची बाजू ऐकू. त्याच्या पिक्चर ट्यूबमधली हवा काढून घेतलेली असते. मागच्या निमुळत्या मानेत इलेक्ट्रॉन गन बसवलेली असते. रंगीत टीव्हीत लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी अशा तीन. पडद्याच्या बाजूला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि त्या ओढीनं इलेक्ट्रॉन पडद्याकडे झेपावतात. २५ हजार व्होल्टला त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ३० टक्के होतो, म्हणजे सेकंदाला ९० हजार किलोमीटर. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनं हा सरळसरळ कणांना वेग देणारा त्वरक आहे, आणि आपण त्यावर चित्रहार पाहिला!

इलेक्ट्रॉन पडद्याच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर आदळतात, तो बिंदू चमकतो. मानेभोवती तांब्याच्या तारांची वेटोळी असतात, त्यांना योक म्हणतात. योकमधला वीजप्रवाह बदलला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि झोत वळतो. तो पडद्याच्या डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढतो, झटक्यात परत येतो, थोडा खाली सरकतो आणि पुढची रेघ ओढतो. भारतात वापरात आलेल्या पद्धतीत एका पूर्ण चित्राच्या ६२५ रेघा ठरलेल्या आहेत आणि अशी २५ चित्रं सेकंदाला. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा. एका रेघेच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद येतात, त्यातले ५२ प्रत्यक्ष चित्राचे आणि उरलेले परतीच्या प्रवासाचे.

आता २१ इंची टीव्ही घ्या. त्याचा पडदा साधारण ४० सेंटीमीटर रुंद. ठिपका तो ५२ मायक्रोसेकंदांत ओलांडतो. भागाकार केला तर वेग येतो सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीभोवती जवळपास याच वेगानं फिरतं. फरक इतकाच की टीव्हीतला ठिपका ही धाव घेऊन लगेच मागे येतो आणि पुन्हा धावतो, मालिका संपेपर्यंत.

चितेगावावरून पुढे जाणारा रस्ता ज्या पैठणला पोहोचतो, तिथला विणकर पदरावर मोर काढतो तेव्हा तो मोर एकदम उमटत नाही. एकेका आडव्या धाग्यात कुठे हिरवा, कुठे जांभळा, कुठे जर हे मोजत मोजत तो वर चढतो. टीव्हीचं चित्र असंच आडव्या धाग्याधाग्यानं विणलेलं असतं. मात्र टीव्हीच्या विणकामात एक विलक्षण गोष्ट आहे. इथं पुढचा धागा पडेपर्यंत मागचे विझायला लागलेले असतात. पूर्ण विणलेला मोर पडद्यावर कधीच नसतो. तो फक्त तुमच्या डोळ्यांत आणि मेंदूत पुरा होतो.

हे खोटं वाटत असेल तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चालू डबा टीव्हीचं चित्रण करा. सेकंदाला २४० चौकटींवर घेतलेल्या चित्रणात पडद्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उजळ पट्ट्यासारखा दिसतो आणि तो पट्टा खाली खाली सरकत जातो. बाकीचा पडदा काळसर. आपण ज्याला चित्र म्हणत होतो, तो हा सरकता पट्टा.

या १५,६२५ च्या आकड्याला आवाजही आहे. तेवढ्या वेळा झोत मागेपुढे फेकणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ज्याला दुरुस्तीवाले ईएचटी म्हणतात, त्याच पट्टीत अतिशय बारीक शीळ घालतो. लहान मुलांना ती ऐकू येते. वय वाढेल तसे उंच पट्टीतले सूर कानाआड होतात, म्हणून मोठ्यांना ती बहुधा येत नाही. टीव्ही म्यूट करून दार लोटलं तरी बाहेरून येणाऱ्या मुलाला “आत टीव्ही चालू आहे” हे कसं कळायचं, त्याचं उत्तर या शिळेत आहे.

या सगळ्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. डबा टीव्हीला चित्राची स्मरणशक्ती नाही. एका रेघेपुरती अंधूक आठवण काही संचांत असते, ती पुढे रंगाच्या कामी येते. पण अख्खं चित्र तो कधीच साठवत नाही. तारेतून या क्षणी जेवढे व्होल्ट आले, तेवढा या क्षणीचा ठिपका उजळ. काहीच आलं नाही तरी तो हट्टानं रेघा ओढत राहतो आणि पडद्यावर मुंग्या येतात. त्या मुंग्यांतला अगदी छोटा अंश विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या आणि आजही सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा असतो. चॅनेल गेलं म्हणून आपण वैतागत होतो, तेव्हा समोर महास्फोटाचा उरलासुरला उजेडही थोडासा दिसत होता!

लॅपटॉपकडे काय असतं?

लॅपटॉपचा प्रकार अगदी उलटा. त्याच्याकडे चित्र आधी पूर्ण तयार असतं. १९२० आडवे आणि १०८० उभे असे २०,७३,६०० बिंदू, आणि प्रत्येकासाठी लाल, हिरव्या, निळ्याचा एकेक आकडा. हा आकड्यांचा तक्ता मेमरीत असतो. सेकंदाला ६० वेळा तो पडद्याकडे जातो. एका बिंदूला २४ बिट धरले तर हा मजकूर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिटांचा होतो. एचडीएमआय केबलमधून तो तीन जोड्यांच्या तारांतून जातो आणि वाटेत चुका होऊ नयेत म्हणून केलेली जास्तीची बांधणी आणि रेघांमधला मोकळा वेळ धरला तर आकडा ४४५ कोटींवर पोहोचतो.

यात उजळ, जरा कमी उजळ, आणखी कमी असा सलग उतार कुठेच नाही. फक्त शून्य आणि एक. डबा टीव्हीच्या तारेत मात्र केवळ उतारच असतो. त्याच्या पिवळ्या पिनेवर जे येतं ते सगळं मिळून एक व्होल्टच्या आत मावतं. खालचे ०.३ व्होल्ट ‘नवी रेघ सुरू कर’, ‘नवं चित्र सुरू कर’ असे इशारे द्यायला राखलेले. वरच्या ०.७ व्होल्टमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सगळ्या छटा. अख्खा सिनेमा त्या एका व्होल्टच्या चढउतारात असतो.

म्हणून बाजारात मिळणारी एक वस्तू घेऊ नका. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला लाल, पांढरी, पिवळी पिन अशी नुसती वायर स्वस्तात मिळते. तिच्यात काहीही इलेक्ट्रॉनिक्स नसतं. सेकंदाला शेकडो कोटी शून्य-एक थेट पिवळ्या पिनेत ओतल्यानं टीव्हीला काडीचाही बोध होत नाही. जुन्या लॅपटॉपच्या निळ्या व्हीजीए पोर्टचीही तीच गत. तिथला सिग्नल अ‍ॅनालॉग असतो खरा, पण त्यात कमीत कमी सेकंदाला साडेएकतीस हजार रेघा असतात, टीव्हीच्या दुप्पट. रंगही तीन वेगळ्या तारांतून येतात. इथं सिग्नल नव्यानं घडवणारं यंत्रच हवं.

डबीच्या पोटात

ते यंत्र म्हणजे ‘एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर’. यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालतं, तळहातावर मावतं. लॅपटॉपची केबल त्यात खुपसली की लॅपटॉप सगळ्यात आधी पलीकडच्याची ओळख विचारतो: तू किती बिंदूंचा पडदा आहेस, सेकंदाला किती चित्रं पेलशील? ही माहिती १२८ बाइटच्या छोट्या तक्त्यात ठेवायची पद्धत आहे. डबी बिनदिक्कत सांगते, मी १९२० बाय १०८० चा आधुनिक पडदा आहे. लॅपटॉप विश्वास ठेवतो. पलीकडे १९९५ सालचा टीव्ही उभा आहे याचा त्याला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

मग आतली चिप कामाला लागते. ती आलेलं चित्र मेमरीत साठवते, कारण टीव्हीला नसलेली स्मरणशक्ती कुणाकडे तरी असावीच लागते. १०८० ओळींच्या ५७६ करते. टीव्हीच्या ६२५ रेघांपैकी चित्राच्या रेघा तेवढ्याच, बाकीच्या झोताच्या परतीच्या वेळात जातात. सेकंदाला ६० चित्रं येत असतील तर त्यांची २५ बसवते. यातही एक युक्ती आहे. पंचवीस चित्रं एकामागून एक ओढली तर पडदा लुकलुकताना दिसेल. म्हणून आधी फक्त विषम रेघा, मग त्यांच्या मधल्या सम रेघा, असं अर्ध्या अर्ध्या चित्रांचं विणकाम होतं आणि डोळ्यांना सेकंदाला ५० वेळा उजेड मिळतो. हा ५० चा आकडा आपल्या घरच्या विजेच्या ५० हर्ट्झशी जुळवून घेतलेला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथल्या टीव्हीत ५२५ रेघा आणि ६० अर्धी चित्रं.

शेवटी चिप प्रत्येक बिंदूचा आकडा उचलते, त्याचे व्होल्ट करते आणि ठरल्या मायक्रोसेकंदाला पिवळ्या पिनेवर सोडते. जे मेमरीत जागेनुसार मांडलेलं होतं ते आता वेळेनुसार येऊ लागतं. पडद्यावर जे डावीकडे, ते आधी. जे उजवीकडे, ते नंतर. जे खाली, ते आणखी नंतर. जागेचं वेळेत रूपांतर करणारं हे यंत्र आपण दुकानात “ती डबी द्या हो” म्हणून मागतो.

रंगाची जादू आणि १९८२

एवढ्यावर फक्त काळं-पांढरं चित्र मिळेल. रंग कुठून येतो? त्याच तारेतून, आणि हा या गोष्टीतला सगळ्यात देखणा भाग आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा प्रक्षेपण कृष्णधवल होतं. रंग आला दहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९८२ ला, आणि त्या नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धांनी तो घराघरांत नेला. त्या दिवशी देशातले कृष्णधवल टीव्ही बंद पडले नाहीत. त्याच लहरींतून रंगीत टीव्हीला रंग दिसला आणि जुन्या टीव्हीला नेहमीचं काळं-पांढरं चित्र. मागच्या पिढीचा एकही संच निकालात न काढता नवं तंत्र आणायचं, ही अट त्यामागच्या अभियंत्यांनी मुळातच घातली होती.

त्यासाठी उजेडाच्या सिग्नलवर एक वेगवान, बारीक लहर चढवली जाते. तिची कंपनसंख्या सेकंदाला ४४,३३,६१८.७५ ठरलेली. पाऊण कंपनापर्यंत नेमकी! हा विचित्र आकडा रेघांच्या १५,६२५ या संख्येशी असा जुळवला आहे की कृष्णधवल पडद्यावर तिच्या खुणा एकमेकींत मिसळून डोळ्यांना जाणवत नाहीत. लहर किती मोठी यावरून रंग किती गडद ते ठरतं. लहर किती पुढे-मागे सरकली यावरून तो लाल, हिरवा की निळा ते ठरतं. सरकणं मोजायचं तर तुलनेला मूळ लहर हवी. म्हणून प्रत्येक रेघेच्या आधी, चित्र सुरू होण्यापूर्वी, तिच्या साधारण दहा कंपनांचा नमुना पाठवला जातो. टीव्हीतला स्फटिक त्याच्याशी ताल जुळवतो. रेघ संपली की पुन्हा नमुना. सेकंदाला हजारो वेळा.

यात एक धोका होता. वाटेत लहर जराशी सरकली की चेहरे हिरवे किंवा जांभळे दिसत. जर्मनीच्या टेलिफंकन कंपनीतले वॉल्टर ब्रुख यांनी तोड काढली: एका रेघेत रंगाचा एक घटक सुलट पाठवायचा, पुढच्या रेघेत उलट. वाटेतली चूक दोन्हींत एकाच बाजूला होते, म्हणून शेजारच्या दोन रेघांची सरासरी काढली की ती आपोआप कटते. हीच पाल पद्धत. १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीत ती सुरू झाली आणि भारतानंही तीच घेतली. कन्व्हर्टरच्या कडेला ‘पाल / एनटीएससी’ असं जे इवलंसं बटण असतं, त्यामागे एवढा इतिहास आहे. ते चुकून एनटीएससीवर, म्हणजे ५२५ रेघांच्या अमेरिकी पद्धतीवर, राहिलं तर जुन्या टीव्हीवर चित्र वरखाली लोळतं किंवा रंग गायब होतो. बटण सरकवा, रंग परत येतो.

आणि हो, घरी कृष्णधवल पोर्टेबल टीव्ही असेल तर त्यावरही लॅपटॉप दिसतो. अभियंत्यांची ती जुनी अट आजही पाळली जाते.

हे काम तुमच्या घरी आधीच झालेलं आहे

केबल टीव्हीच्या डिजिटायझेशनचा दुसरा टप्पा मार्च २०१३ अखेरचा होता. दहा लाखांवर वस्ती असलेल्या मोठ्या शहरांच्या त्या यादीत औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगरही होतं. घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. अनेकांनी तेव्हा टीव्ही बदलला नाही. बॉक्समधून लाल, पांढरी, पिवळी वायर काढून डबा टीव्हीला लावली आणि मालिका पुढे चालू राहिली. तो बॉक्स काय करत होता? येणारे शून्य-एक उलगडून, चित्र साठवून, त्याच्या रेघा करून टीव्हीला देत होता. आजच्या कन्व्हर्टरचंच काम. एकेकाळी म्हैसमाळच्या डोंगरावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे अँटेना वळवून बसणाऱ्या घरांत दुसरं शतक असं शिरलं. पुढे प्रसार भारतीनं मोजकी ठिकाणं वगळता जमिनीवरून होणारं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत बंद करत आणलं. हवेतून येणारं चित्र संपलं, तारेतून येणारं मात्र टिकलं.

संगणक टीव्हीला जोडण्याची कल्पनाही काही आजची नाही. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच घरगुती संगणकांना स्वतःचा पडदाच नसे, ते थेट टीव्हीला लागत. २०१२ मध्ये ब्रिटनमधून रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या आकाराचा स्वस्त संगणक आला, त्यावर एचडीएमआयच्या सोबतीला पिवळं सॉकेट मुद्दाम दिलेलं होतं. नवा मॉनिटर न घेता मुलांना घरच्या जुन्या टीव्हीवर प्रोग्रॅमिंग शिकता यावं, हा त्यामागचा विचार.

जोडायचं कसं?

आधी टीव्हीच्या मागे किंवा पुढच्या झाकणाआड पाहा. पिवळं गोल सॉकेट असेल तर निम्मं काम झालं. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल तर थेट कन्व्हर्टर लावा. फक्त यूएसबी-सी असेल तर मध्ये ‘यूएसबी-सी टू एचडीएमआय’ अ‍ॅडॉप्टर लागेल. मात्र प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. लॅपटॉपच्या माहितीत त्या पोर्टपुढे ‘डिस्प्लेपोर्ट’ लिहिलंय का ते बघून घ्या.

दुकानात मागताना दिशा स्पष्ट सांगा: “एचडीएमआय टू एव्ही.” अगदी अशीच दिसणारी ‘एव्ही टू एचडीएमआय’ डबी उलट्या कामाची असते, जुना प्लेअर नव्या टीव्हीला लावायची. दोन्हींचे रंग, आकार, सॉकेट सारखेच. छापलेला बाण वाचून मगच पैसे द्या.

पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. टीव्हीला आवाजाचं एकच सॉकेट असेल तर पांढरी लावा आणि विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, नाहीतर उजव्या बाजूचं संगीत हरवेल. कन्व्हर्टरला यूएसबीची वीज द्या, बटण पालवर ठेवा. टीव्हीच्या रिमोटवर ‘एव्ही’ किंवा ‘टीव्ही/एव्ही’ दाबा. लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर स्पीकरच्या चिन्हावर जाऊन एचडीएमआय निवडा.

आता रिझोल्यूशन ८०० बाय ६०० किंवा १०२४ बाय ७६८ करा. पुष्कळ डब्या आलेलं रुंद चित्र डबा टीव्हीच्या चौकोनी पडद्यात दाबून बसवतात आणि नायक-नायिका उगाच उंच, सडपातळ दिसू लागतात. ही दोन मापं टीव्हीच्या चार-तीन प्रमाणातलीच असल्यानं चेहरे जागेवर येतात.

काही ओटीटी अ‍ॅपवर पडदा काळा राहील. बिघाड नव्हे तो. चित्राची चोरी होऊ नये म्हणून एचडीएमआयमधून कुलूपबंद सिग्नल येतो आणि ते कुलूप उघडायचा अधिकार प्रत्येक कन्व्हर्टरला नसतो. स्वतःजवळची फाइल, घरच्या लग्नाचं चित्रण, फोटो हे सगळं विनातक्रार चालतं.

अक्षरं का फिसकटतात?

सिनेमा झकास दिसतो आणि ईमेल उघडला की डोळे किलकिले होतात. कारण साध्या हिशेबात आहे. टीव्हीच्या सिग्नलमध्ये उजेडासाठी सुमारे पाच मेगाहर्ट्झची जागा असते. ५२ मायक्रोसेकंदांत त्यात जास्तीत जास्त ५२० च्या आसपास फिकट-गडद बिंदू मावतात, आणि रंगाची लहर वेगळी काढताना त्यातलेही काही जातात. लॅपटॉपच्या ओळीत बिंदू आहेत १९२०. चारातले तीन टाकून दिल्यावर ‘घ’ आणि ‘ध’ ओळखू येणार कसे? रंगाला तर याहून कमी जागा, म्हणून निळ्यावरचं लाल अक्षर शेजारी ओघळतं. एका बिंदूइतकी बारीक आडवी रेघ एकतर विषम रेघांत येते किंवा सम, त्यामुळे सेकंदाला २५ वेळाच उजळते आणि थरथरते. कडांचा थोडा भाग डबा टीव्ही पडद्याबाहेरच ओढतो, म्हणून खालचा टास्कबार अर्धा गडप होतो.

हलत्या चित्रात मात्र मेंदू या त्रुटी भरून काढतो. काळ्या रंगाची खोली आणि हालचालीचा सफाईदारपणा यांत चांगली ट्यूब आजही स्वस्त सपाट पडद्याला हार जात नाही. जुने व्हिडिओ गेम खेळणारे जगभरचे हौशी लोक म्हणून तर ट्यूबचे टीव्ही शोधत फिरतात.

पिवळं सॉकेटच नसेल तर

फार जुन्या टीव्हीला फक्त अँटेनाचं सॉकेट असतं. तिथं कन्व्हर्टरच्या पुढे आणखी एक डबी लावावी लागते, आरएफ मॉड्युलेटर. ती पिवळ्या पिनेतलं चित्र आणि आवाज घेऊन इवलंसं खासगी टीव्ही केंद्र चालवते. टीव्हीवर तिचं चॅनेल शोधून ट्यून करायचं. घेताना ती ‘पाल बी/जी’ची आहे ना, ते पाहा. आपल्या पद्धतीत चित्र आणि आवाज यांच्यात साडेपाच मेगाहर्ट्झचं अंतर असतं. ब्रिटनसाठी बनवलेल्या डबीत ते सहा असतं आणि मग चित्र दिसतं, पण आवाजाऐवजी नुसती खरखर येते.

“मागचं झाकण उघडून आतून एव्हीची वायर काढून देतो” असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. काही जुन्या संचांची आतली चौकट घरातल्या मेन लाइनशी थेट जोडलेली असते. तशी वायर लॅपटॉपला लागली तर लॅपटॉप जळेल आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. शिवाय ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार टीव्ही बंद केल्यानंतरही राहू शकतो. झाकण उघडणं हे जाणत्या दुरुस्तीवाल्याचंच काम.

तर निष्कर्ष असा. वाचायला, हिशेबाला, ऑनलाइन वर्गाला डबा टीव्ही जोडू नका, डोळे आणि पैसे दोन्ही वाया जातील. जुने सिनेमे, गाणी, घरचे व्हिडिओ, नातवंडांची कार्टून यांसाठी मात्र बिनधास्त जोडा. आणि टीव्ही खरोखरच निकामी झाला असेल तर तो गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं, फोडून उकिरड्यावर टाकलेली ट्यूब माती आणि पाणी दोन्ही नासवते. ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्रावरच तो पोहोचवा.